निर्जनाची संहिता

१९९२च्या एप्रिलमध्ये ख्रिस्तोफर मॅककँडलेस अलास्कातील स्टॅम्पीड वाटेने एकटाच रानात शिरला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने मरण पावला. जॉन क्राकाउअर यांच्या ‘इन्टू द वाइल्ड’नंतर (१९९६) ही चर्चा धैर्य की अविचार, या द्वंद्वातच अडकली. ‘निर्जन’ ही संकल्पना मात्र तपासली गेली नाही.

तो ज्या बसमध्ये राहिला, ती १९६१च्या सुमारास रस्ताबांधणीच्या मजुरांच्या निवाऱ्यासाठी तेथे ओढून आणलेली होती. काम थांबले, बस उरली. समाजत्यागाचे स्थळ म्हणजे समाजानेच अर्धवट सोडलेल्या एका उपक्रमाचा अवशेष! जुलैमध्ये फुगलेल्या टेक्लानिका नदीने त्याची परतीची वाट अडवली. नदी ओलांडण्याचा हाताने ओढायचा पाळणा खालच्या अंगाला जवळच होता. पण त्याच्याजवळ तपशीलवार नकाशा नव्हता. नकाशा हे पूर्वसूरींचे वाचन असते, आणि तेच त्याला नको होते, असे मला वाटते.

पुस्तके मात्र हवी होती. त्याच्या आवडत्या जॅक लंडनचे क्लोंडाइकमधील वास्तव्य १८९७-९८च्या एका हिवाळ्यापुरतेच. अथाबास्कन शिकाऱ्यांच्या लेखी हा प्रदेश निर्जन नव्हताच. तो निर्जन झाला गोऱ्या लेखकांच्या गद्यात. मॅककँडलेसने रोजनिशीही लिहिली ती खाद्य वनस्पतींवरील पुस्तकाच्या मागील पानांवर. एकांतातल्या लेखनालाही वाचक अभिप्रेत असतोच.

पुढे वाचक आलेही. त्या वाटेवर टेक्लानिकेत २०१० आणि २०१९ मध्ये दोघींचा बळी गेला. २०२० मध्ये बस हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आली.