‘पॅसेज’ : एका शब्दाची फोड

‘पॅसेज’ हा शब्द मराठी घरात आता इतका रुळला आहे की त्याला परका म्हणण्याचे कारण उरलेले नाही. सदनिकेत चपलांची फळी ज्या अरुंद जागेत असते, तो पॅसेज. मुलांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेतील उतारा हाही पॅसेजच. बोटीने विलायतेस जाण्याच्या काळात प्रवासाला आणि त्याच्या भाड्यालाही इंग्रजीत हाच शब्द होता. विधेयक सभागृहात संमत होते त्यालाही तोच. लॅटिनमधील ‘पाऊल’ या अर्थाच्या शब्दापासून हा सारा विस्तार झाला. या शब्दाचा आणखी एक अर्थ मात्र आपल्या सिल्वाशाशी जोडला गेला आहे, आणि तो हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी ठरविला.

दादरा २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री मुक्त झाले आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा. दरम्यान दमणहून इकडे येण्याचा मार्ग भारत सरकारने रोखून धरला होता. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगला दावा दाखल केला, त्याचे नावच ‘राइट ऑफ पॅसेज’. दमण आणि आपली परगणे यांच्यामधील भारतीय भूमीवरून जाण्याचा आपला हक्क आहे, आणि सार्वभौम सत्ता चालविण्यास जे जे नेणे आवश्यक, ते ते सारे या हक्कात येते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे प्रवासी आले, धान्य आले, कारकून आले आणि बंदुका घेतलेले शिपाईही आले. दावा पूर्णपणे मान्य झाला असता, तर दमणच्या पलटणीला सिल्वाशाची वाट कायद्याने खुली झाली असती. त्या काळात येथे राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा शब्दच्छल नव्हता.

मूळ हक्काचा शोध घेताना न्यायालयापुढे पेशवाईची कागदपत्रे आली. १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांतून पोर्तुगीजांना वसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर अथवा सरंजाम मिळाला. सार्वभौमत्व नव्हे, असा न्यायालयाने निर्वाळा दिला. सरंजामाचा अर्थ आपल्याकडे कोणा कुळकर्ण्यानेही हाच सांगितला असता. पुढे इंग्रज आले आणि त्यांनी पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य केली, म्हणून प्रश्न उरला तो नंतरच्या प्रघाताचा.

येथे न्यायालयाने त्या एका शब्दाची फोड केली. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ये-जा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अखंड चालू होती. ती हक्क म्हणून ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट निराळी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने एकमेकांच्या हद्दीत सशस्त्र दलांना मोकळेपणाने शिरण्यास मनाई केली होती, आणि आमचे सैनिक परवानगीवाचून ब्रिटिश हद्द ओलांडत नाहीत, असे पोर्तुगीज सरकारनेच १८९० मध्ये लिहून दिले होते. जिथे दर वेळी परवानगी मागावी लागते, तिथे हक्क कसला? हा भाग ८ विरुद्ध ७ मतांनी, म्हणजे अवघ्या एका मताने, फेटाळला गेला. जुलै १९५४ मधील तणाव पाहता भारताने वाट रोखली यातही कर्तव्यभंग नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली होती आणि न्यायासनावर भारताच्या वतीने न्या. छागला होते; दोघेही मुंबई उच्च न्यायालयाच्या परंपरेतले.

महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या निकालात फारसे नवल वाटत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली शेताची वाट अडविल्याची तक्रार आली की पहिला प्रश्न असतो तो वहिवाटीचा : पायवाट की गाडीवाट? पायी जाण्याची वहिवाट सिद्ध झाली म्हणून बैलगाडी नेता येत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही, असे स्पष्ट आहे. ‘पॅसेज’ला मराठी प्रतिशब्द म्हणून कोशांत मार्ग, गमन, संक्रमण असे शब्द सापडतात. या दाव्यापुरता तरी मला ‘वहिवाट’ हाच शब्द जवळचा वाटतो. कारण न्यायाधीशांनी नकाशापेक्षा वापर पाहिला, आणि वापर करणारा कोण हेही पाहिले.

निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि ती मधली भूमी गुजरातेत गेली. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाली आणि त्याच डिसेंबरात दमणही मुक्त झाले. २६ जानेवारी २०२० पासून दोहोंचा मिळून एकच केंद्रशासित प्रदेश आहे. तरीही दमणहून सिल्वाशास कचेरीच्या कामासाठी निघालेल्या मुलकी अधिकाऱ्याला वाटेत वापी लागतेच, म्हणजे गुजरातची हद्द ओलांडावीच लागते. आता त्याला कोणी परवाना विचारत नाही.