न सुटणाऱ्या समीकरणाचे चित्र

अवकल समीकरण फळ्यावर लिहिले की वर्गातून पहिला प्रश्न येतो, 'सर, हे कोणत्या प्रकारचे?' चले वेगळी करता येतात का, समीकरण समघाती आहे का, रेषीय आहे का, हे एकदा ओळखले की पुढची वाट ठरलेली असते. पण यांपैकी कोणत्याच साच्यात न बसणारे समीकरण समोर आले तर काय करायचे? तीनशे वर्षांपूर्वी गणितज्ञांपुढे हाच पेच होता. त्यातून निघालेली एक युक्ती आज आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर दिसते. तिची ही गोष्ट.

लायब्निट्सने कलनशास्त्रावरचा आपला पहिला निबंध १६८४ साली लायपझिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकात छापला. दहा वर्षांनी, १६९४ मध्ये, तिथेच योहान बर्नुली या तरुण स्विस गणितज्ञाचा एक लेख आला. त्यात एक साधेसे दिसणारे समीकरण होते. वक्राच्या प्रत्येक बिंदूपाशी स्पर्शिकेचा चढ किती, तर

चढ = क्ष² + य²

यातील चले वेगळी करता येतील का, हे आपण अजून पाहिलेले नाही, असे योहानने तिथे नमूद केले. पण समीकरण सुटेपर्यंत थांबायचे कशाला? वक्राचे सूत्र माहीत नसले, तरी प्रत्येक बिंदूपाशी त्याची दिशा कोणती हे समीकरण स्वतःच सांगते आहे. आरंभबिंदूभोवती १ त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्यावर कुठेही चढ १, म्हणजे ४५ अंशांचा. अर्ध्या त्रिज्येच्या वर्तुळावर तो पाव, तर २ त्रिज्येच्या वर्तुळावर ४. अशा वर्तुळांवर त्या त्या चढाच्या बारीक रेघा मारल्या आणि त्यांना धरून पेन्सिल फिरवली, की वक्र मिळतो. या रेघांच्या जाळ्यालाच आपण चढ-क्षेत्र म्हणतो.

योहानचा थोरला भाऊ याकोब याने या समीकरणाशी बरीच झटापट केली. १७०२-०३ च्या सुमारास लायब्निट्सला लिहिलेल्या पत्रांतून त्याने अनंत श्रेढीच्या रूपात उत्तर दिले. नेहमीच्या फलनांतले सूत्र मात्र मिळाले नाही. ते का मिळत नव्हते, हे कळायला १८४१ साल उजाडले. नेहमीची फलने आणि त्यांची समाकलने वापरून हे समीकरण सुटणारच नाही, असे त्या वर्षी फ्रेंच गणितज्ञ लिऊव्हिल याने सिद्ध केले. दोष गणितज्ञांच्या कौशल्यात नव्हता. मधल्या काळात, १७६८ मध्ये, ऑयलरने आकडेमोडीची वाट दाखवली होती: एका बिंदूपासून तिथल्या चढाने थोडे पुढे जा, नवा चढ काढा, पुन्हा पुढे जा. १८८१ पासून प्वांकारेने तर सूत्राचा हट्ट सोडून अशा वक्रांच्या एकूण ठेवणीचाच अभ्यास मांडला.

अडचण होती ती कष्टांची. शेकडो बिंदूंपाशी चढ काढायचे म्हणजे दुपार गेलीच. १९८५ साली कॅसिओ कंपनीचा 'एफएक्स-७०००जी' हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर बाजारात आला. त्याचा पडदा अवघा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा यंत्रांवर छोटा प्रोग्रॅम लिहून, आणि पुढे काही यंत्रांवर तयार सोयीनेच, चढ-क्षेत्र काढता येऊ लागले. अमेरिकेतील 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' या परीक्षेत कलनशास्त्रासाठी असे यंत्र १९९५ पासून आवश्यक झाले. तरीही तिथल्या १९९८ च्या प्रश्नपत्रिकेत विद्यार्थ्यांना नऊ बिंदूंपाशी चढाच्या रेघा हातानेच काढायला सांगितले होते.

यंत्र आल्यावरही हा हाताचा खटाटोप का? आपल्याच समीकरणाकडे पुन्हा पाहू. आरंभबिंदूपासून निघा आणि ऑयलरच्या रीतीने अर्ध्या-अर्ध्याची पावले टाका. क्ष २ झाला की य येतो सुमारे १.९६, आणि क्ष २.५ झाला की सुमारे ५.८८. यंत्र हे आकडे बिनतक्रार देते. पण खरा वक्र क्ष २.००३ च्या आसपास पोहोचतानाच अनंताकडे झेपावतो. २.५ पाशी तो नाहीच! यंत्राच्या लांब पावलाने तो कडा नकळत ओलांडला. ज्याने वर्तुळांवरच्या रेघा स्वतः काढल्या आहेत, त्या रेघा बाहेरच्या बाजूला कशा झपाट्याने उभ्या होत जातात हे पाहिले आहे, त्यालाच इथे शंका येईल. आणि ती शंका आली, तरच तो पाऊल लहान करून पुन्हा पाहील.

आपल्याकडे बारावीला अवकल समीकरणे शिकवताना भर असतो तो सुटणाऱ्या समीकरणांवर. त्यामुळे प्रत्येक समीकरणाला सूत्राचे उत्तर असतेच, अशी समजूत मुलांच्या मनात नकळत रुजते. ती दूर करायला महागडे यंत्र लागत नाही. एक तास आलेख-कागद वाटावेत, मुलांचे गट पाडावेत आणि एकेका गटाला एकेक वर्तुळ द्यावे. शेवटी सगळ्यांच्या रेघा फळ्यावर एकत्र काढून एखाद्या मुलीला आरंभबिंदूपासून खडू फिरवायला सांगावे. योहान बर्नुलीने १६९४ मध्ये सुचवलेली रीत वर्गाला तेवढ्या एका तासात पाहायला मिळेल.