बाहीच्या कडेवरचा ऋतू : हेइआन जपानची रंगसंगती

१/११
ऋतूनुसार कपड्यांचे रंग जुळवणे ही आधुनिक फॅशनची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु हजार वर्षांपूर्वी जपानच्या राजदरबारात ती रीतसर विद्या होती. त्यात झालेली चूक साऱ्या दरबाराच्या नजरेत येई. रंगांची खरी किंमत मात्र दरबाराबाहेरची माणसे मोजत.

२/११
कालखंड हेइआन, इ.स. ७९४ ते ११८५. राजधानी हेइआन-क्यो, म्हणजे आजचे क्योतो. खानदानी स्त्रिया परपुरुषासमोर सहसा थेट येत नसत; मध्ये पडदा किंवा चिक असे. चिकेखालून दिसे ती बाहीची आणि झग्यांची कड. एकावर एक घातलेल्या रेशमी थरांच्या त्या कडांवरून स्त्रीची अभिरुची जोखली जाई.

३/११
या रंगजुळणीचे नाव 'कासाने नो इरोमे'. बहुतेक जोड्यांना झाडाफुलांची नावे होती. 'साकुरा' म्हणजे चेरीचा बहर : वर पांढरे, आत तांबडे. रेशीम इतके तलम, की आतला तांबडा रंग पांढऱ्यातून झिरपून फिकट गुलाबी भासे. 'यानागी' म्हणजे वाळुंज : वर पांढरे, आत हिरवे.

४/११
ऋतू कोणता, हे हवेपेक्षा पंचांग ठरवी. चांद्र वर्षाच्या चौथ्या आणि दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी 'कोरोमोगाए', म्हणजे वस्त्रबदल होई. सेई शोनागोन या दरबारी लेखिकेने 'माकुरा नो सोशी'मध्ये मन खट्टू करणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. तीत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घातलेला तांबड्या प्लमफुलांच्या रंगाचा पोशाखही आहे. कारण प्लमचा बहर तोवर केव्हाच सरलेला असतो.

५/११
'गेन्जी मोनोगातारी'ची लेखिका मुरासाकी शिकिबू हिच्या दैनंदिनीत एक समारंभ येतो. जेवण वाढणाऱ्या दोन स्त्रियांच्या बाह्यांची रंगसंगती किंचित उणी पडली होती आणि ती नेमकी उमरावांच्या नजरेसमोर होती. सहकारी स्त्रियांना ते लागले. मुरासाकी मात्र सांगते, की दोष फारसा मोठा नव्हता. रंगांना उठाव नव्हता, एवढेच.

६/११
बाराव्या शतकात मिनामोतो नो मासासुके याने दरबारी पोशाखावर 'मासासुके शोझोकुशो' हा ग्रंथ रचला. स्त्रियांच्या झग्यांचा कोणता थर कोणत्या रंगाचा असावा, हे त्यात ऋतुवार नोंदलेले आहे.

७/११
ऋतू सर्वांचा एकच असला, तरी रंग सर्वांचे नव्हते. काही रंग 'किन्जिकी', म्हणजे निषिद्ध होते; गडद जांभळा आणि गडद तांबडा यांवर दर्जाचे बंधन होते. त्यांच्या फिकट छटा मात्र 'युरुशि-इरो', म्हणजे अनुमत मानल्या जात. म्हणून एखादी बाही पाहताच ऋतूबरोबर घराण्याचा दर्जाही कळे.

८/११
हा तांबडा रंग येई करडईच्या फुलांतून. होय, महाराष्ट्रात तेलासाठी पेरली जाते तीच करडई; मराठीतला 'कुसुंबी' रंगही तिचाच. या फुलात पिवळा रंग मुबलक आणि तांबडा अगदी थोडा असतो. आधी पिवळा रंग पाण्याने धुऊन काढायचा, मग राखेच्या क्षारयुक्त पाण्यात तांबडा उतरवायचा आणि आंबट द्रव घालून तो रेशमावर बसवायचा.

९/११
'एंगिशिकी' या दहाव्या शतकातील शासकीय नियमसंग्रहात रंगकामाची प्रमाणे दिली आहेत. गडद तांबड्या रेशमाच्या एका ताग्यासाठी १० मोठे किन (सहा किलोंहून अधिक) फुले आणि १८० किन सरपण! याउलट सर्वांना अनुमत असलेल्या फिकट गुलाबी छटेचे नावच 'इक्कोन-झोमे', म्हणजे एका किनात रंगवलेले. निषिद्ध आणि अनुमत यांतील अंतर असे फुलांच्या वजनात मोजता येते.

१०/११
ही फुले आणि हे सरपण येई शेतकऱ्यांच्या श्रमांतून. इ.स. ९१४ मध्ये मियोशी कियोयुकी या विद्वान अधिकाऱ्याने सम्राट दाइगो याला बारा कलमांचे निवेदन सादर केले. प्रांतांची दैना सांगतानाच त्याने वस्त्रांतील आणि खाण्यापिण्यातील उधळपट्टीला आळा घालण्याची मागणी केली. म्हणजे या सौंदर्याचा हिशेब मांडणारा माणूस त्याच व्यवस्थेत होता.

११/११
पुढे सत्ता योद्ध्यांकडे गेली, दरबाराचे वैभव ओसरले आणि झग्यांचे थरही कमी झाले. 'कोरोमोगाए' मात्र टिकले : जपानमधील अनेक शाळांत आजही १ जून आणि १ ऑक्टोबरला गणवेश बदलतात. मासासुकेच्या ग्रंथामुळे रंगांच्या जोड्याही आपल्यापर्यंत पोहोचल्या. करडईची फुले वेचणारे आणि राखेच्या पाण्यात हात बुडवणारे कोण होते, ते मात्र या दरबारी ग्रंथांनी नोंदवले नाही. 'साकुरा'ची बाही पाहताना तेही आठवावेत.