नस कुणाची, होकार कुणाचा

भोपाळमधल्या एका हॉस्पिटलात, कॅथ लॅबच्या बाहेरच्या बाकावर तुम्ही बसला आहात. मांडीवर फाईल. तिच्यात ईसीजीची पट्टी, ईकोचा रिपोर्ट आणि सही करायचा एक कागद. शेजारी जयप्रकाश नगरच्या अम्मा बसल्या आहेत. त्यांच्या यजमानांची अँजिओ आत चालू आहे. "छल्ला डालना पड़ेगा शायद," त्या सांगतात आणि तुमच्या फाईलकडे बघतात. छल्ला म्हणजे स्टेंट. थोड्या वेळानं तुमचंही नाव पुकारलं जाईल. मनगटातल्या धमनीत सुई जाईल, सुईतून तार, तारेवरून पोकळ नळी, आणि ती नळी दंडातून खांद्याकडे, तिथून हृदयाच्या दारापर्यंत पोचेल. तुम्ही जागे असाल. पडद्यावर स्वतःच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या काळ्या रेघांसारख्या उमटताना बघाल.

हे पहिल्यांदा कुणाच्या अंगावर करून पाहिलं? त्याला आधी विचारलं होतं का? नाव पुकारेपर्यंत वेळ आहे. चला.

१९२९ चा उन्हाळा. बर्लिनच्या ईशान्येला एबर्सवाल्ड नावाचं गाव, तिथलं छोटं रुग्णालय. दुपारची सामसूम आहे आणि तुम्ही शस्त्रक्रियेच्या खोलीत भिंतीला टेकून उभे आहात. चोविशी-पंचविशीतला डॉक्टर वेर्नर फॉर्समान हत्यारांचा ट्रे लावतोय. हाताच्या शिरेतून नळी घातली तर ती हृदयात पोचेल, असं त्याच्या मनानं घेतलंय. वरिष्ठांनी परवानगी नाकारली आहे. निर्जंतुक हत्यारांच्या कपाटाची किल्ली नर्स गेर्डा डिट्झेन हिच्याकडे असते, म्हणून त्यानं तिला सगळं समजावून सांगितलंय. ती म्हणाली, मग माझ्यावरच करा.

बघा, ती टेबलावर आडवी झाली. त्यानं तिचे हातपाय बांधले, कोपरापाशी आयोडीन लावलं. आणि मग तिच्या नजरेआड जाऊन स्वतःचा डावा हात बधिर केला, शीर उघडली आणि मूत्रमार्गासाठी वापरायची ६५ सेंटिमीटरची नळी आत सरकवायला सुरुवात केली. तिला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ती रागावते. तो तिला सोडवतो आणि दोघं जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत जातात. तुम्हीही मागोमाग जा. नळी त्याच्या दंडातून लोंबतेय आणि तो चालतोय! आरशात पडदा बघत तो ती आणखी पुढे ढकलतो, टोक उजव्या कर्णिकेत पोचतं, तो फोटो काढून घेतो. धावत आलेला मित्र पेटर रोमाइस ती ओढून काढायला बघतो. फॉर्समान त्याला अडवतो. प्रसंगाचा हा तपशील त्यानं स्वतःच पुढे सांगितलेला आहे.

माझं लक्ष मात्र फॉर्समानपेक्षा गेर्डाकडे जातं. होकार तिनं दिला होता, समजून-उमजून, पूर्ण जोखीम पत्करून. त्यानं तिला बांधून ठेवलं आणि फसवलं. ती फसवणूक तिचा जीव वाचवणारी होती, हे मान्य. पण या विद्येच्या पहिल्याच दुपारी, टेबलावरच्या माणसाला खरं काय चाललंय हे माहीत नव्हतं.

फॉर्समानची पुढे टिंगल झाली, मोठ्या रुग्णालयातली नोकरी गेली आणि तो मूत्ररोगाकडे वळला. १९३२ मध्ये तो नाझी पक्षात गेला. हे लपवून त्याची गोष्ट सांगू नये. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां आणि रिचर्ड्स या दोघांनी त्याचीच वाट पुढे नेली, हृदयाच्या उजव्या बाजूचा आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब नळीनं मोजला. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. मधल्या काळात, १९४७ मध्ये, छळछावण्यांत माणसांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांचा न्यूरेम्बर्गमध्ये निकाल लागला. त्या निकालपत्रातल्या संहितेचं पहिलंच कलम म्हणतं, की माणसाचा स्वेच्छेनं दिलेला होकार असल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही.

आता झुरिच. १९७० च्या दशकातलं एक स्वयंपाकघर, रात्रीची वेळ. टेबलावर प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या, दोरे, गोंद. डॉक्टर आंद्रेआस ग्रुंत्झिग, त्याची पत्नी मिखाएला, सहायक मारिया श्लुम्प्फ आणि तिचा नवरा नळीच्या टोकाशी इवलासा फुगा बसवायच्या खटपटीत आहेत. फुगा फुगावा, पण ठरलेल्या जाडीपलीकडे जाऊ नये, नाहीतर धमनी फाटेल. पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटरनं १९६४ मध्ये एका वृद्ध बाईच्या पायातली आखडलेली धमनी नळ्यांनीच रुंद केली होती, तिचा पाय कापावा लागला नाही. ग्रुंत्झिगला तेच हृदयात करायचं आहे. आधी कुत्र्यांवर केलं, मग प्रेतांवर.

१६ सप्टेंबर १९७७. तुम्ही झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात आहात. टेबलावर अडतीस वर्षांचा आडॉल्फ बाखमान. पुढच्या डाव्या धमनीत एकच अडथळा, सुरुवातीलाच. बायपास करायचं ठरत होतं. ग्रुंत्झिगनं त्याला सगळं समजावलं आणि हेही सांगितलं, की हे तुझ्यावर पहिल्यांदाच होणार आहे. छाती उघडावी लागणार नाही, याचाच बाखमानला आनंद झाला. बिघडलंच तर शस्त्रक्रिया करायला सर्जन तयार उभे आहेत. फुगा दोनदा फुगवला जातो. आखडलेल्या जागेपलीकडचा दाब वाढतो, रक्त वाहू लागतं. बाखमान शुद्धीवर आहे, बोलतोय. पुढे कितीतरी वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही ती जागा मोकळीच होती.

इथं थोडं थांबा. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. फुग्याइतकंच मोल त्या आधीच्या बोलण्याचं आहे. एका माणसानं दुसऱ्याला सांगितलं, की हे अजून कुणावर झालेलं नाही, तू पहिला आहेस. आणि दुसऱ्यानं ते ऐकून हो म्हटलं.

परत भोपाळ. तारीख ३ डिसेंबर १९८४, मध्यरात्र उलटलेली. थंडी आहे आणि हमीदिया रुग्णालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. माणसं डोळे चोळत, खोकत, एकमेकांना धरून येताहेत. कितीजण पायरीवरच पडले. गांधी मेडिकल कॉलेजचे तरुण डॉक्टर युनियन कार्बाइडच्या कारखान्याला विचारताहेत, कुठला वायू, उतारा काय? उत्तर मिळतं ते डोळे चुरचुरवणाऱ्या वायूचं, पाण्यानं धुण्याचं. टाकीतून सुटला होता मिथाइल आयसोसायनेट. त्या रात्री लोकांच्या श्वासात काय गेलं, हे त्यांनाही सांगितलं नाही आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनाही नाही.

नंतर संशोधक आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे अभ्यास सुरू झाले, रक्त घेतलं, लघवी घेतली, फुप्फुसांची ताकद मोजली, वर्षानुवर्षं. हे व्हायलाच हवं होतं. फुप्फुसं कायमची खराब झाली की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, आणि तो किती आला हे नेमकं मोजायला कूर्नां-रिचर्ड्सची नळीच लागते. पण ज्यांच्या नसेतून रक्त गेलं त्यांच्या हातात त्यांचे कागद आले नाहीत. प्रत्येक गॅसपीडिताला आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड द्या, असं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तेव्हा घटनेला सत्तावीस वर्षं होऊन गेली होती.

करोंदजवळचं भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर याच लोकांसाठी उभं राहिलं, युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीतले शेअर विकून आलेल्या पैशातून. हृदयविभाग, कॅथ लॅब, सगळं. ज्यांनी आयुष्यात कधी कार्डिऑलॉजिस्ट पाहिला नव्हता, त्यांना इथं फुकट उपचार मिळाले. ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याच इमारतीत आता २००४ ते २००८ ही वर्षं बघा. औषधकंपन्यांच्या चाचण्या इथल्या रुग्णांवर झाल्या, हृदयरुग्णांवरही. आपण चाचणीत आहोत हे आम्हाला माहीतच नव्हतं, असं गॅसपीडितांपैकी काहींनी पुढे पत्रकारांना सांगितलं. पीडितांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला.

मी चाचण्यांच्या विरोधात नाही. उलट, त्या काळचाच एक दाखला सांगतो. फॉन्डापॅरिनक्स नावाचं रक्त गोठू न देणारं औषध ४१ देशांतल्या २०,०७८ रुग्णांवर तपासलं गेलं, निष्कर्ष २००६ मध्ये आले. रक्तस्राव कमी झाला, पण अँजिओप्लास्टीच्या वेळी नळीवरच गुठळ्या धरण्याचं प्रमाण ०.४ वरून ०.९ टक्क्यांवर गेलं. म्हणून अँजिओप्लास्टी करताना जोडीला हेपारिन द्यायचं ठरलं. आज तुमच्या नळीवर गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर जे करतात, ते हजारो अनोळखी माणसांनी आपलं अंग दिलं म्हणून कळलेलं आहे. त्यांचं देणं इतकं मोठं आहे, म्हणूनच ते न सांगता काढून घेणं ही चोरी ठरते. आणि एकदा विषारी वायूबद्दल अंधारात ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत तर ती दुसरी चोरी.

पुढचा थांबा दिल्ली, ऑक्टोबर २०१३. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं चाचण्यांबद्दल याचिका केली होती. सर्वोच्च न्यायालय सांगतं, की चाचणीत घेताना रुग्णाला समजावणं आणि त्यानं होकार देणं, दोन्हींचं ध्वनिचित्रमुद्रण झालं पाहिजे. मध्य प्रदेशातल्या लोकांच्या भांडणातून हे आलं, याचा मला इथं राहणारा मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. पुढे ही सक्ती आकसली. २०१९ च्या नियमांनुसार ती नव्या रेणूंच्या चाचणीतल्या दुर्बल गटांच्या रुग्णांपुरती उरली आहे.

नाव पुकारलं गेलंय. तुमचं नाही, अम्मांना बोलावलंय. त्या उठताना तुम्हाला म्हणतात, "भैया, आप भी चलो, पूछ लेना ज़रा." जा त्यांच्याबरोबर. त्यांना जे विचारायचंय आणि जमत नाही ते विचारा. किती टक्के बंद आहे आणि कुठली नस? गोळ्यांवर भागेल का? छल्ला औषध लावलेला की साधा, सरकारी दर किती? यातलं काही अजून तपासलं जातंय का, कुठल्या अभ्यासात आमचं नाव आहे का? असेल तर तो कागद हिंदीत द्या, घरी नेऊ द्या. आणि नाही म्हटलं, तर बाबांचे उपचार असेच चालू राहतील ना?

मग हेच सगळं तुमच्या फाईलसाठीही विचारा.