तगर कोठे होते? एका संदर्भाचा प्रवास

पदवी किंवा पदव्युत्तर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो. प्रयोग होतात, तक्ते भरले जातात, आलेख काढले जातात आणि शेवटी घाईघाईने एक संदर्भसूची जोडली जाते. ही सूची पुष्कळदा आधीच्या एखाद्या प्रबंधातून जशीच्या तशी उतरवलेली असते. तिच्यातील किती लेख आपण स्वतः वाचले, असे विचारले तर विद्यार्थी गोंधळतो. संदर्भ हा परीक्षकासाठी करायचा उपचार आहे, अशी त्याची समजूत झालेली असते. ती दूर करण्यासाठी उपदेशापेक्षा एखादे खरे उदाहरण अधिक उपयोगी पडते. असे एक उदाहरण धाराशिव जिल्ह्यातच आहे.

तेरणा नदीच्या काठचे तेर हे गाव महाराष्ट्राला संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत आहे. हेच गाव दोन हजार वर्षांपूर्वी तगर या नावाने रोमन साम्राज्यातील व्यापाऱ्यांना परिचित होते, हे आज शाळेच्या पुस्तकातही वाचायला मिळते. पण हे एका दिवसात कळलेले नाही. तगर म्हणजे कोणते गाव, या प्रश्नाचे पहिले उत्तर इ.स. १७८८ मध्ये छापले गेले आणि ते चुकीचे होते. बरोबर उत्तर १९०१ मध्ये मिळाले. मधल्या ११३ वर्षांत संदर्भांचे काय झाले, ते पाहू या.

मूळ आधार कोणते?

तगराचा उल्लेख करणारे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रप्रवासाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. भरूचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तगराहून जाडेभरडे कापड, मलमल व इतर माल गाड्यांतून, अवघड वाटांनी भरूचला जाई.

दुसरा आधार टॉलेमीच्या भूगोलाचा. त्याने इ.स.च्या दुसऱ्या शतकात गावांचे अक्षांश-रेखांश दिले. त्यात तगर पैठणच्या ईशान्येला पडते. तिसरा आधार आपल्याकडचाच आहे. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत 'तगरपुरपरमेश्वर' किंवा 'तगरपुरवराधीश्वर' असे बिरुद लावीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'पेरिप्लस'ची मूळ प्रत आज कोठेही नाही. हायडेलबर्ग येथे दहाव्या शतकातील एक हस्तलिखित आहे, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील दुसरी प्रत तिच्यावरूनच उतरवलेली आहे. १५३३ मध्ये बासेल येथे हा ग्रंथ प्रथम छापला गेला, तेव्हा आणि त्यानंतर बराच काळ तो एरियन या ग्रीक इतिहासकाराच्या नावावर खपत होता. त्या हस्तलिखितात शेजारीच एरियनचे लेखन होते, एवढेच त्याचे कारण. म्हणजे ज्याला आपण मूळ आधार म्हणतो, त्याचीही पारख करावी लागते.

पहिला अंदाज

अठराव्या शतकाच्या अखेरीस ठाणे येथे अरिकेसरी या शिलाहार राजाचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या मालिकेच्या पहिल्या खंडात, १७८८ मध्ये, त्याचे भाषांतर छापून आले. त्यातील तगराच्या उल्लेखावर त्याच खंडात फ्रान्सिस विल्फर्ड या लेफ्टनंटने एक टिपण लिहिले. तगर म्हणजे देवगिरी, अर्थात आजचे दौलताबाद, असे त्याचे मत पडले.

हे मत व्हिन्सेंट, मानर्ट, रिटर अशा युरोपातील नामवंत अभ्यासकांनी स्वीकारले. एकदा मोठ्या नावांची मोहोर उठली, की विधान भक्कम वाटू लागते. वास्तविक चार ग्रंथांनी एकाच टिपणाचा आधार घेतला असेल, तर पुरावे चार होत नाहीत, एकच राहतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वेगळ्या शब्दांत सांगता येईल. एकाच मोजमापाच्या चार नकला काढल्या म्हणून प्रयोग चार वेळा केला, असे होत नाही.

विल्फर्डची पुढची कथाही बोधप्रद आहे. पुराणांत इजिप्तची, नाईल नदीची वर्णने आहेत, असे दाखवणारे मोठे लेख त्याने पुढे लिहिले. त्यासाठी लागणारे श्लोक त्याचे सहायक पंडित काढून देत. अनेक वर्षांनी त्याच्या लक्षात आले, की पंडिताने हस्तलिखितांत फेरफार करून त्याला हवे तसे श्लोक घातले होते. १८०५ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या आठव्या खंडात त्याने हा प्रकार स्वतःच छापून जाहीर केला. त्याचा प्रामाणिकपणा मानायला हवा. पण संशोधकाला जे हवे आहे तेच अगदी नेमके हाती येऊ लागले, म्हणजे मूळ कागद पुन्हा तपासण्याची वेळ आली, हेही यातून शिकावे.

अनेक विद्वान, अनेक गावे

एकोणिसाव्या शतकात देवगिरीखेरीज आणखी नावे पुढे आली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने तगर बीडच्या ईशान्येस गोदावरीकाठी असावे, असे म्हटले. हेन्री यूलने गुलबर्ग्याचे नाव सुचवले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नरचा पक्ष मांडला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या १८८४ च्या ग्रंथात धारूरचे नाव पुढे केले.

या गावांची परीक्षा आपल्याला नकाशा व पट्टी घेऊन वर्गातही करता येते. भरूच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते. त्याला वीस दिवस, म्हणजे रोजची चाल सुमारे साडेसतरा किलोमीटर. बैलगाडीला ती शोभते. याच चालीने पैठणहून दहा दिवसांत दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर जाता येईल.

आता दौलताबाद पाहा. ते पैठणपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आणि तेही उत्तरेला आहे. तीन-चार दिवसांच्या वाटेला दहा दिवस कोण लावील? जुन्नरचे अंतर सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे जमण्यासारखे. पण ते पैठणच्या पश्चिमेला आहे. गुलबर्गा पावणेतीनशेहून अधिक किलोमीटरवर जाते. धारूर आग्नेयेला, शंभर-एकशेदहा किलोमीटरवर. भांडारकर उत्तराच्या बरेच जवळ आले होते, हे यावरून दिसते.

या विद्वानांची मते टिकली नाहीत, तरी त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. कोणत्या ग्रंथाच्या, कोणत्या ताम्रपटाच्या आधारे आपण हे म्हणतो, ते त्यांनी लिहून ठेवले होते. त्यामुळे पुढच्या माणसाला त्यांच्या मागे जाऊन एकेक पायरी तपासता आली.

फ्लीटने काय केले?

हा पुढचा माणूस म्हणजे जॉन फेथफुल फ्लीट. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी करताना त्याने कोरीव लेखांचा सखोल अभ्यास केला होता. १८९७ मध्ये तो निवृत्त झाला. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९०१ मध्ये त्याचा लेख आला. त्याचे शीर्षकच 'तगर. तेर' असे होते.

बादामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या शके ५३४ च्या ताम्रपटात तगर येथे राहणाऱ्या एका ब्राह्मणाला दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे सातव्या शतकातही तगर हे वस्तीचे, नांदते गाव होते. असे गाव नाव मागे न ठेवता नाहीसे होण्याचा संभव कमी. मग तगर या नावाचे पुढे काय झाले असेल?

याचे उत्तर मराठी वाचकाला सहज पटण्यासारखे आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधला 'ग' प्राकृतात गळतो. नगरचे नयर झाले आणि नयरचे नेर. संगमनेर, पारनेर, अमळनेर, जामनेर या नावांतले 'नेर' ते हेच. त्याच नियमाने तगर, तयर, तेर. आणि तेर नावाचे गाव पैठणपासून सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटरवर आहे. दहा दिवसांनी भागले तर रोजचे पंधरा किलोमीटर.

मग हे आधी कोणाला का दिसले नाही? एक अडचण स्पेलिंगची असावी. इंग्रजी कागदपत्रांत या गावाचे नाव 'थैर' अशा वळणाने लिहिले जाई. 'थैर' वाचणाऱ्याला तगर आठवणे कठीणच. आजही संगणकावर शोध घेताना हीच अडचण येते. एकाच वनस्पतीची, खनिजाची किंवा गावाची चार नावे आणि चार स्पेलिंगे असतात. त्यांतले एकच टाकून शोधले, तर 'या विषयावर काम झालेले नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो.

पुढे एक वेगळा दुवाही उजेडात आला. कनकामर मुनींचे 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश काव्य डॉ. हीरालाल जैन यांनी १९३४ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्यात तेरापूर या नगराचा आणि परिसरातील लेण्यांचा उल्लेख येतो. व्याकरणाच्या नियमावरून काढलेल्या अनुमानाला एका स्वतंत्र साधनाची जोड मिळाली.

एक खटकणारी गोष्ट मात्र राहतेच. 'पेरिप्लस' पूर्व म्हणते, तेर आहे आग्नेयेला. टॉलेमीची ईशान्य तर मुळीच जुळत नाही. चांगल्या प्रबंधात न जुळणारे निरीक्षणही जुळणाऱ्या निरीक्षणांशेजारी लिहिलेले असते. अंतर, नावाची परंपरा आणि ताम्रपट हे तिन्ही तेरकडे बोट दाखवतात, म्हणून दिशेतला फरक असूनही हे मत ग्राह्य धरले गेले.

जमिनीखालचा संदर्भ

कागदावरचे अनुमान जमिनीवर तपासावे लागते. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली आणि खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तिचा वृत्तांत दिला. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मागच्या बाजूने अर्धवर्तुळाकार आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मुळात तो बौद्ध चैत्य असावा, असे त्यांना वाटले. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेर येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील समृद्ध वस्तीचे पुरावे आता थरांसह हाती आले.

थर ही गोष्ट येथे महत्त्वाची. तेरच्या पांढरीच्या टेकाडांवर पावसानंतर मणी, मूर्ती, नाणी उघडी पडत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या. तेरचे शासकीय संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांनी जपले नसते, तर किती ठेवा नाहीसा झाला असता कोण जाणे. या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणून तेथील मूर्ती त्यापूर्वीची, हे निर्विवाद ठरते. टेकाडावर वेचलेल्या वस्तूचा काळ मात्र असा थेट सांगता येत नाही. दुसऱ्या वस्तूंशी तुलना करूनच तो ठरवावा लागतो. वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली, हा तिचा संदर्भ असतो. तो सुटला, की वस्तू सुंदर असूनही अर्धी मुकी होते.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. प्रबंधातील मजकूर इतरत्र किती जुळतो, हे आता संगणक मोजतो. पण दिलेला संदर्भ विद्यार्थ्याने वाचला आहे काय, हे तो सांगू शकत नाही. उलट आज संगणकाकडून तयार संदर्भसूचीही मिळते आणि तिच्यात कधी कधी मुळीच अस्तित्वात नसलेले लेख निघतात. विल्फर्डच्या पंडिताचीच ही नवी आवृत्ती म्हणायची. ते तपासण्याचे काम मार्गदर्शक शिक्षकालाच करावे लागते.

त्यासाठी काही साध्या सवयी लावता येतील. टिपण घेतानाच ग्रंथाचे नाव, वर्ष आणि पृष्ठ लिहावे. नंतर आठवून लिहू नये. मूळ लेख पाहिला नसेल, तर ज्या पुस्तकातून तो कळला त्याचे नाव द्यावे. लेखकाचे वाक्य आणि आपले मत वहीत वेगळ्या शाईने लिहावे. एखादे विधान अनेक ठिकाणी आढळले, तर त्या सर्वांचा उगम एकच आहे का, हे मागे जाऊन पाहावे.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करून पाहावा. आपल्या गावाविषयी किंवा विषयाविषयी नेहमी सांगितले जाणारे एखादे विधान विद्यार्थ्यांना द्यावे आणि ते प्रथम कोणी, कधी, कशाच्या आधारे लिहिले, याचा शोध घ्यायला लावावा. काही विधाने भक्कम ठरतील, काहींचा आधार वाटेतच संपेल. दोन्ही निष्कर्ष वहीत नोंदवावेत. तगराचा खरा पत्ता लागायला ११३ वर्षे लागली. पण तो लागू शकला, कारण प्रत्येकाने आपण कोणत्या वाटेने आलो ते लिहून ठेवले होते.