तांबड्या रानफुलाचे कूळ

लंडनमधील टेंपल या भुयारी स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना सर पर्सी ब्लेकनी हा आपला नायक आपल्याला नखशिखान्त दिसला, असे 'द स्कार्लेट पिंपरनेल'च्या लेखिका बॅरोनेस ऑर्त्सी सांगत असत. परंतु कुळकथा शोधणाऱ्याला फलाटावर थांबून भागत नाही. 1865 साली हंगेरीतील टार्नाऑर्श येथे जहागीरदाराच्या घरी या बाईंचा जन्म झाला. वडिलांनी शेतीवर यंत्रे आणली, बिथरलेल्या रयतेने कोठारांना आग लावली, आणि 1868 साली त्या कुटुंबाने जहागिरीचा निरोप घेतला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत सरदारांना गिलोटिनच्या पात्याखालून सोडवून नेणारा नायक याच लेखणीतून का उतरावा, याचा उलगडा येथे होतो.

बारा प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले. तेव्हा पती मॉंटेग्यू बार्स्टो यांच्या साह्याने बाईंनी त्या कथेचे नाटक केले. ते 1903 साली नॉटिंगहॅमला आणि 1905 च्या जानेवारीत लंडनला रंगभूमीवर आले, व त्याच साली कादंबरीही छापून निघाली.

कादंबरीच्या आरंभी, 1792 च्या सप्टेंबरात, पॅरिसच्या पश्चिम नाक्यावर बिबो नावाचा सार्जंट प्रत्येक गाडीची कसून झडती घेत असतो. तेथे एक ओंगळ म्हातारी गाडी हाकीत येते. तिच्या चाबकाच्या दांड्याला शिरच्छेद झालेल्यांच्या केसांची झुलपे बांधलेली. नातवाला देवी आल्या आहेत की प्लेग झाला आहे कोण जाणे, असे ती म्हणते मात्र, बिबो शिव्या देत मागे सरतो आणि गाडी नाक्यापार होते. म्हातारी म्हणजेच पिंपरनेल. गाडीत एक उमरावीण व तिची मुले. लंडनमध्ये हाच गृहस्थ कपड्यांच्या चुण्यांपलीकडे काही न सुचणारा निर्बुद्ध छानछोकी म्हणून वावरतो, आणि फ्रेंच सरकारचा वकील शोव्हलँ मुखवट्यामागचा माणूस हुडकत असताना मूर्खपणाच्या या मुखवट्याकडे त्याचे लक्षच जात नाही. वेषांतराचे खरे सामर्थ्य वेषात नसून पाहणाऱ्याच्या उपेक्षेत आहे, हे बाईंनी अचूक हेरले होते. म्हणूनच त्यांनी नायकाला नावही दिले ते वाटेकडेच्या, आभाळ भरून येताच पाकळ्या मिटून घेणाऱ्या, एका क्षुद्र तांबड्या रानफुलाचे.

पुढे ही वंशवेल फोफावली. 1919 साली आलेल्या झोरोचा सुस्त डॉन डिएगो आणि 1939 च्या बॅटमनचा विलासी ब्रूस वेन हे उघड उघड याच कुळातले. परंतु नावाचा वारसा गेला तो दक्षिण आफ्रिकेत. 1961 साली भूमिगत झालेल्या नेल्सन मंडेलांना वृत्तपत्रांनी 'काळा पिंपरनेल' म्हटले, आणि 1962 च्या ऑगस्टात पकडले जाईपर्यंत ते पुष्कळदा मोटारचालकाच्या गणवेषात हिंडत राहिले. रयतेच्या आगीतून निघालेल्या जहागीरदार-कन्येने सरदारांच्या रक्षणार्थ घडवलेले नाव अशा रीतीने रयतेच्याच पुढाऱ्याला लाभले. पॅरिसच्या नाक्यावरचा बिबो त्या मुलखातही चौकी-चौकीवर उभा होता. गोऱ्या धन्याची गाडी हाकणाऱ्या काळ्या माणसाचे तोंड निरखून पाहण्याची त्यालाही सवय नव्हती.