जालन्याची लूट आणि विश्रामगडाचा मुक्काम

नोव्हेंबर १६७९. शहजादा मुअज्जम औरंगाबादेत असतानाच, तेथून जेमतेम साठ किलोमीटरवरील जालन्याची संपन्न पेठ शिवाजी महाराजांनी लुटली. खरी कसोटी लागली ती परतीच्या वाटेवर. संगमनेरजवळ मोगलांनी गाठले. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. लुटीने लादलेली जनावरे घेऊन उघड्या माळावर टिकाव धरणे अशक्यच होते. सभासद बखरीनुसार, बहिर्जी जासूदाने आडवाटांनी तीन दिवस अहोरात्र चालवत फौज आजच्या अकोले तालुक्यातील पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणली. काळ्या कातळाच्या आश्रयाला थकलेल्या सैन्याचा तळ पडला. महाराजांनी येथे विश्रांती घेतली, म्हणून पट्ट्याचा विश्रामगड झाला. (विजयाची नावे पुष्कळ गडांना आहेत, विसाव्याचे विरळाच!) तेथील कातळगुहांत आजही गिर्यारोहक मुक्कामाला थांबतात.